हिशेबाचा फलक मालकाकडे तोंड करून लावा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत भावावर बोलायला, कर्जावर बोलायला बरीच मंडळी आहेत. मला नेमून दिलेला विषय जरा कोरडा आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या ज्या कंपन्या तालुक्या-तालुक्यात उभ्या राहिल्या, त्यांनी धंद्याचे कोणते आकडे सभासदांपुढे मांडावेत आणि कसे मांडावेत, एवढाच तो विषय. कोरडवाहू शेती करणाऱ्यांना कोरड्या विषयाचं भय नसावं, म्हणून सुरुवात करतो.

आधी माझीच फजिती सांगतो.

काही वर्षांमागे मी अशा एका कंपनीचा संचालक होतो. नाव घेत नाही, कारण चूक एकट्या कंपनीची नव्हती, माझीही होती. भाड्यानं जिन घेतला होता. कापूस घ्यायचा, रेचायचा, रुई आणि सरकी विकायची. हपिसात भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि संगणकवाल्या पोरानं त्यावर डॅशबोर्ड बसवून दिला. एकूण उलाढाल, सभासदांची संख्या, आजची खरेदी, आजवरची खरेदी, मोबाइलवर ॲप घेतलेल्यांची संख्या. रंगीत तबकड्या आणि हिरवे बाण, सगळे बाण वर तोंड केलेले. पाहुणा आला की आधी त्याला टीव्हीपुढे नेऊन उभा करायचो.

संक्रांतीनंतर सभासदांचा मेळावा घेतला, तेव्हा तो टीव्ही मंडपात आणला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे सारं चांगलं हाये. पण माह्या एका क्विंटलमागं कंपनीले काय उरलं, ते याच्यात कुठी हाये?"

मी टीव्हीकडे पाहिलं. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. तो आकडा त्यात नव्हताच. "हिशेब झाल्यावर सांगतो, आजी," असं म्हणून वेळ मारून नेली. उन्हाळ्यात हिशेब झाला तेव्हा कळलं की उरलं काहीच नव्हतं, उलट भागभांडवलच खाल्लं गेलं होतं. त्या आजीचे शेअरचे हजार रुपयेही त्यात गेले. बाण मात्र शेवटपर्यंत हिरवे होते.

हे तुमच्या तालुक्यात होऊ नये म्हणून आज बोलतो आहे.

ट्रॅक्टरपुढचे काटे

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, तिला इंग्रजीत हे नाव. मोटार आली तेव्हा फळी राहिली आणि तिच्यावर काटे बसले. पुढे कारखान्यांनी, बँकांनी संगणकाच्या पडद्यासाठी तोच शब्द उचलला.

आपल्या ट्रॅक्टरवर बघा. चार-पाचच गोष्टी असतात. डिझेल किती, इंजिन किती तापलं, ऑइलचा दाब आहे का, बॅटरी चार्ज होते का आणि ट्रॅक्टर किती तास चालला. यातला प्रत्येक काटा तुम्हाला काहीतरी करायला लावतो. ऑइलचा दिवा पेटला की तुम्ही इंजिन बंद करता. तास भरले की ऑइल बदलता. आजवर एकूण किती एकर नांगरलं, हा आकडा तिथे नाही. तो पारावर बसून सांगायला चांगला, पण तो पाहून हाकणारा काही वेगळं करू शकत नाही.

फलकावर कोणता आकडा घ्यायचा, याची ही पहिली परीक्षा. हा आकडा बिघडला तर उद्या सकाळी आपण काय बदलणार? याचं उत्तर नसेल तर तो आकडा जाहिरातीत घाला, फलकावर घालू नका.

अशी परीक्षा आपल्या रानात आपण रोज देतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापसाची काय दशा केली ती कुणाला सांगायला नको. तेव्हापासून कामगंध सापळे सगळ्यांना ठाऊक झाले. नियम कसा आहे? एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, असं लागोपाठ तीन रात्री झालं, किंवा शंभरातली 10 फुलं-बोंडं किडकी निघाली, की फवारणीचा निर्णय घ्यायचा. आकडा आहे, आकड्याची हद्द आहे आणि हद्द ओलांडली की काय करायचं तेही ठरलेलं आहे. कंपनीचा फलकही असाच असावा.

उलाढाल कशी फसवते

उलाढालीवर माझा राग आहे. का, ते हिशेबानं सांगतो. भाव सोयीसाठी धरतो, यंदाचे समजू नका.

एक क्विंटल कापूस रेचला. 34 किलो रुई निघाली, 64 किलो सरकी, 2 किलो घट. रुई 150 रुपये किलो, म्हणजे 356 किलोच्या खंडीला 53,400 रुपये. सरकी 35 रुपये किलो. रुईचे 5,100 आणि सरकीचे 2,240 मिळून 7,340 रुपये झाले. शेतकऱ्याला कापसाचे 7,100 दिले, रेचणी, दाबणी, वाहतूक, कारभार यांचे 200 धरले. क्विंटलमागे 40 रुपये उरले. 10,000 क्विंटल केले तर उलाढाल 7 कोटी 34 लाख आणि शिल्लक 4 लाख.

आता रुईचा उतारा 34 चा फक्त 33 झाला. रुई एक किलोनं कमी, सरकी एक किलोनं जास्त. 150 गेले, 35 आले, क्विंटलमागे 115 रुपयांचा फटका बसला. उलाढाल झाली 7 कोटी साडेबावीस लाख. शंभराला दीड-पावणेदोन रुपयांचा फरक. टीव्हीवरच्या तबकडीचा काटा हललेलासुद्धा दिसणार नाही. आणि शिल्लक? 4 लाखांच्या नफ्याचा साडेसात लाखांचा तोटा झाला!

यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. ओला कापूस आला असेल, रेचे झिजले असतील, काटा चुकला असेल. पण ते आठवड्यात कळलं तर दुरुस्त होतं. वर्षानं ताळेबंदात कळलं तर नुसतं रडणं उरतं.

उधारीचंही तसंच. 1 कोटीची रुई सूतगिरणीला उधार दिली आणि पैसे तीन महिन्यांनी आले. बँकेचं व्याज वर्षाला 12 टक्के धरा, महिन्याला 1 लाख, तीन महिन्यांचे 3 लाख. चांगला उतारा पडला त्या वर्षीच्या 4 लाखांतून 1 लाख उरला. उलाढालीत मात्र ती उधार विक्री ज्या दिवशी माल गेला त्याच दिवशी धरली जाते.

पाच आकडे

मग फलकावर काय असावं? माझ्या मते कापसाच्या कंपनीला पाच आकडे पुरतात.

पहिला, सभासदाच्या हाती क्विंटलमागे काय पडलं. हमाली, तोलाई, कपात सगळं जाऊन, निव्वळ. आणि त्याच्या शेजारी त्याच दिवशीचा बाजार समितीतला भाव आणि सरकारी हमीभाव. नुसत्या सरासरीवर थांबू नका. आठवड्यात कमीत कमी काय मिळालं तेही लिहा. ज्याच्याकडे चारच क्विंटल असतात आणि ज्याला घाई असते, तो सरासरीत बुडतो. कोरडवाहू माणसानं सरासरीचा पाऊस आयुष्यभर पाहिला आहे. सरासरी भरते आणि पीक वाळतं.

दुसरा, किती क्विंटलात एक गठाण. उताऱ्याचा टक्का सगळ्यांच्या लक्षात राहत नाही. पण गठाण 170 किलोची. उतारा 34 असेल तर बरोबर 5 क्विंटल कापसात एक गठाण होते. 33 झाला तर सव्वापाच क्विंटलांच्या जवळ जातो. "पाचात गठाण" हे कुणालाही कळतं. याच्याच खाली खरेदीच्या वेळची ओल लिहा. सीसीआय 8 टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे 12 टक्क्यांपर्यंत भाव कापते, त्यापुढे घेत नाही. कारण उघड आहे. ओल जास्त तितके पाण्याचे पैसे दिले.

तिसरा, एका गठाणीमागे खर्च. वीज, मजुरी, भाडं, दुरुस्ती, विमा, व्याज. एकूण खर्चाचा आकडा काम वाढलं की वाढणारच, त्यावरून काही कळत नाही. गठाणीमागे भागला की जिन रिकामा चालतो का, वीज वाया जाते का, ते लगेच दिसतं.

चौथा, येणं किती आणि त्यातलं 30 दिवसांहून जुनं किती. शिवाय हातातली रोकड किती दिवसांच्या खरेदीला पुरेल. कंपनी तोट्यानं मरायला वर्ष लागतं, रोकड संपली की आठवड्यात मरते. सभासदाला चुकारा देता आला नाही की दुसऱ्या दिवशी गाड्या व्यापाऱ्याच्या दारी जातात.

पाचवा, शंभर सभासदांपैकी किती जणांनी या हंगामात कापूस आपल्या कंपनीला घातला. सभासद संख्या फुगवता येते. सभासद कापूस कुठे घालतो, ते फुगवता येत नाही. हा आकडा उतरला तर समजा की शेतकऱ्यानं ठराव न करता अविश्वास दाखवला.

आकडा एकटा उभा करू नका

आता मांडायचं कसं? "आजची खरेदी 300 क्विंटल" असं लिहिलं. चांगलं की वाईट? सांगता येत नाही. आकड्याशेजारी दुसरा आकडा हवा. तुलना मात्र बरोबरीच्याशी करा. नोव्हेंबरपेक्षा डिसेंबरात खरेदी वाढली म्हणून बाण हिरवा करायचा, हा पोरखेळ आहे. वेचणीचा बहर आला की वाढणारच. तुलना मागच्या हंगामातल्या त्याच आठवड्याशी करा. आणि तिसरा रकाना हद्दीचा ठेवा. इथून खाली गेलं तर संचालकांची बैठक लागलीच बोलवायची, असं हंगामाआधी लिहून ठेवा. आग लागल्यावर विहीर कुठे खणायची याची चर्चा नको.

चित्रांपासून जपा. खांबांचं चित्र शून्यापासून सुरू होत नसेल तर मुंगीचा हत्ती दिसतो. 7 कोटी आणि सव्वासात कोटी यांचे खांब पावणेसात कोटींपासून काढले तर दुसरा खांब पहिल्याच्या दुप्पट दिसेल. गोल तबकडीवर मागचा आठवडा दिसतच नाही. मला विचाराल तर पाच ओळी, तीन रकाने, मोठे आकडे, बस. काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं चालतं. टीव्ही असला तर त्यावरही हेच लिहा.

आकड्याला फसू नका

एक धोका सांगितला नाही तर विषय अर्धवट राहील. ज्या आकड्यावर शाबासकी किंवा शिक्षा ठरते, तो आकडा हळूहळू खोटा बोलायला लागतो. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी 1975 साली तिथल्या पैशाच्या धोरणाबद्दल अशा अर्थाचं निरीक्षण मांडलं आणि पुढे ते सगळ्याच कारभाराला लागू पडलं.

आपल्याकडे कसं होईल पहा. मॅनेजरला सांगितलं, उतारा वाढव, बक्षीस देतो. तो काय करील? पावसात भिजलेला, फरदडीचा, लहान शेतकऱ्याचा माल दारातूनच परत पाठवील. कचरा नीट न काढता रुईतच जाऊ देईल. वजन वाढेल, फलक शोभून दिसेल, रुईची प्रत पडेल आणि गिरणी पुढच्या वेळी भाव पाडून मागेल. म्हणून उताऱ्याच्या शेजारी दोन गोष्टी लिहाव्या लागतात. बाजाराच्या मानानं आपल्या रुईला काय भाव मिळाला आणि किती गाड्या परत पाठवल्या. एका आकड्यावर दुसऱ्याची राखण हवी.

जे मोजलं नाही ते हिशेबातून जातं, हा दुसरा धोका. ज्वारीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पिकाच्या तक्त्यात ज्वारी मोजतात ती हेक्टरी किती किलो दाणा म्हणून. कडब्याला तिथे रकाना नाही. पण दुष्काळात आपण ज्वारी पेरतो ती निम्मी बैलासाठी, गाईसाठी. ज्या वर्षी दाण्यानं पैसे दिले नाहीत त्या वर्षी कडब्यानं घर तारलेलं मी पाहिलं आहे. दाण्याच्या आकड्यावरून बुटक्या वाणाला पहिला नंबर देणाऱ्यानं गोठ्यात डोकावून पाहिलं नव्हतं. तुमची कंपनी ज्वारी घेत असेल तर एकरी हिशेबात कडब्याचा रकाना ठेवा.

फलक कोण लावतो, त्यावर सगळं आहे

सरकारही फलक लावतं. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर झाला आणि शेजारी उत्पादन खर्च 5,140 लिहिला. संकरित ज्वारीचा भाव 3,699, खर्च 2,466. भागून पहा, दोन्हीकडे बरोबर दीडपट. बाण हिरवा! पण हा खर्च कोणता? खिशातून केलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरून जो खर्च निघतो, ज्याला सी-2 म्हणतात, तो आयोगाच्या अहवालात आत असतो, जाहीर तक्त्यात येत नाही. शिवाय खर्च साऱ्या देशाचा मिळून. ओलिताचा आणि कोरडवाहूचा एकाच पोत्यात. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. कोणता आकडा दर्शनी लावायचा आणि कोणता आत ठेवायचा, हे फलक लावणारा ठरवतो, इतकंच दाखवतो आहे.

म्हणून आपल्या कंपनीचा फलक कोण लावतो ते पहा. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढायची वाट झाली. तिच्यात शेअर कितीही असोत, माणसामागे एक मत. म्हणजे त्या आजी मालक होत्या आणि मॅनेजर नोकर होता. आम्ही टीव्ही लावला होता तो मात्र पाहुण्यांकडे तोंड करून, बँकेच्या साहेबाकडे तोंड करून. मालकिणीला जे हवं होतं ते त्यात नव्हतं.

दूध डेअरीत वजनाचे आणि फॅटचे आकडे दूध घालणाराला दिसतील असे ठेवायला कितीतरी ठिकाणी भांडावं लागलं. वजनकाट्याचं तोंड कुणाकडे, यावरून बाजारात किती तंटे झाले ते तुम्ही जाणता. हिशेबाच्या फलकाचंही तेच आहे.

आणि लिहिणारा, तपासणारा वेगळे ठेवा. उतारा मॅनेजरनंच मोजायचा, त्यानंच लिहायचा आणि त्यावरच त्याची वेतनवाढ ठरायची, हा त्याच्यावरही अन्याय आहे. दर आठवड्याला पाळीनं दोन सभासदांनी गोदामातल्या गठाणी मोजाव्यात, काट्याच्या पावत्या पहाव्यात, बँकेचं पासबुक पहावं आणि फलकाखाली सही करावी. तासाभराचं काम आहे. यात बायांना घ्या. घरात पैशाचा हिशेब कोण ठेवतं ते मला सांगायला लावू नका.

कुणी म्हणेल, तोट्याचा आकडा चव्हाट्यावर लिहिला तर व्यापारी हसेल, बँक घाबरेल, सभासद पळतील. भावांनो, व्यापाऱ्याला तुमचा तोटा तुमच्या आधी कळतो. तुमची रुई तो हातात धरून पाहतो. आणि सभासद तोट्यानं पळत नाही. कोरडवाहू शेतकरी आहे तो, तोटा त्यानं पाहिलेला आहे. तो पळतो तो लपवल्यामुळे. जानेवारीत त्या मंडपात आम्ही म्हटलं असतं की, "आजी, क्विंटलमागे 75 रुपये जात आहेत, उतारा पडला आहे, काय करायचं सांगा," तर त्या मंडपात रेच्यावर आयुष्य काढलेली चार माणसं होती. त्यांनी त्याच दिवशी जिनात येऊन पाहिलं असतं. आम्ही त्यांना विचारलंच नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

आता करायचं काय

या बैठकीपुढे माझी मागणी लहान आहे. ज्या तालुक्यात आपली कंपनी किंवा संस्था कापूस घेते, तिथे येत्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून जिनाच्या दारात काळा फळा लागला पाहिजे. त्यावर हे पाच आकडे, शेजारी मागच्या हंगामातला तोच आठवडा, शेजारी ठरलेली हद्द. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी लिहायचे, कारण त्या दिवशी सगळे येतात. खाली दोन सभासदांच्या सह्या. मागच्या हंगामाचे आकडे सापडत नसतील तर रकाना रिकामा ठेवा, पण अंदाजानं भरू नका. रिकामा रकानाही बरंच सांगतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना त्या फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून आणा. तालुक्या-तालुक्याचे शेजारी मांडू. एकाला पाचात गठाण होते आणि दुसऱ्याला सव्वापाच का लागतात, ते एकमेकांना विचारू. यात कुणाची लाज काढायची नाही, शिकायचं आहे.

त्या आजींचे हजार रुपये मला परत करता आले नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुढच्या हंगामात प्रत्येक दारात खडूनं लिहिलेलं दिसलं पाहिजे. एवढं कराल, अशा भरवशावर थांबतो.